एकोणीस नंबर नसलेली जळगावची गाडी

साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान पार करत येणारे भटके दिल्लीहून मुंबई-गोव्याकडे आग्रा रोडने निघाले, की वाटेत शिरपूर आणि धुळे लागत. फोक्सवॅगनची डब्यासारखी व्हॅन ही त्यांची लाडकी गाडी. ‘कार्ने’ नावाच्या कागदावर ती आयातशुल्क न भरता देशात येई. मुदतीत परत न्यावीच लागे. थोडक्यात, पाहुणी.

पुढेही ती कायमची आणणं अवघडच होतं. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी चालत नसे. विंटेज मोटारींना सवलत होती, पण १ जानेवारी १९५० पूर्वीच्याच. आणि या व्हॅनचं उत्पादन सुरू झालं मार्च १९५० मध्ये! हुकलं ते जेमतेम दोन महिन्यांनी. ही अट २०२५ मध्ये बदलून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना दार उघडलं.

अशा विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम त्याआधीच, जुलै २०२१ मध्ये आले होते. वीस नंबरचा फॉर्म, विमा, कस्टमची बिल ऑफ एंट्री आणि २०,००० रुपये; नोंदणी दहा वर्षांची, पुढची फी ५,०००. गाडीच्या मूळ रूपात मोठे फेरफार नकोत.

नंबरपाटीवर मात्र ‘एमएच व्हीए’, दोन अक्षरं, चार आकडे. जळगावचा १९, धुळ्याचा १८ हे आरटीओ क्रमांक कुठेच नाहीत. हायवेवर गाववाला ओळखायचा कसा? शिवाय गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची. घरच्यांना घेऊन पाटणादेवीला जायचं, तर दुसरी गाडी काढावी लागणार.