मित्रकीटक (रत्नागिरी जिल्हा)

पिकावरील किडींना खाऊन किंवा त्यांच्या अंगावर आपली पिल्ले पोसून त्यांना आटोक्यात ठेवणारे कीटक. खाणाऱ्यांना परभक्षी, पिल्ले पोसणाऱ्यांना परोपजीवी म्हणतात. जिल्ह्यातील बागायतीत त्यांचे महत्त्व सर्वांत जास्त आहे ते नारळावर. उंच माडाच्या शेंड्यापर्यंत फवारा नेणे जिकिरीचे असते आणि माडाखाली बहुधा घर, विहीर किंवा गोठा असतो.

माडावरची काळ्या डोक्याची अळी (ओपिसिना अरेनोसेला) पात्यांच्या खालच्या बाजूस रेशीम व विष्ठेची नळी विणते आणि आत बसून हिरवा भाग खरवडते. जुन्या झावळ्या आधी वाळतात. उन्हाळ्यात जोर वाढला की अख्खे आगर करपल्यासारखे दिसते. नळीत औषध पोहोचत नाही, पण गोनिओझस नेफॅन्टिडिस पोहोचते. जेमतेम 3 मिमी लांबीची, गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली ही काळी माशी अळीला दंश करून निश्चल करते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. पिल्ले वाढेपर्यंत ती तिथेच राखण करते. एकट्याने राहणाऱ्या कीटकांत असे आईपण विरळाच. प्रयोगशाळेत तिला तांदळातील पतंगाच्या अळीवर वाढवतात व प्रादुर्भाव असलेल्या बागेत हेक्टरी सुमारे 3,000 या प्रमाणात सोडतात. मात्र या माश्या शेंड्यात सोडू नयेत : तिथले कोळी आणि परभक्षी ढेकूण त्यांचा फडशा पाडतात. माडाच्या बुंध्याशी सोडणे चांगले. याच अळीवर ब्रॅकॉन ब्रेव्हिकॉर्निस ही दुसरी परोपजीवी माशीही वापरतात.

माडावरची दुसरी कीड, रुगोज चक्राकार पांढरी माशी, भारतात 2016 मध्ये प्रथम दक्षिणेकडे आढळली व पुढे कोकणातही आली. तिच्यामागोमाग एन्कार्सिया ग्वाडेलोपे ही परोपजीवी माशी कोणी न आणताच देशात पोहोचली होती. तिने ग्रासलेली पांढऱ्या माशीची पिल्ले काळी पडतात. अशी पिल्ले असलेल्या पात्यांचे तुकडे नव्याने कीड लागलेल्या माडाला बांधणे हा सोपा उपाय. रासायनिक फवारणी केली तर एन्कार्सियाच आधी मरते.

हापूसच्या बागेत चित्र वेगळे आहे. तुडतुड्यांसाठी पालवीपासूनच फवारण्या सुरू होतात, त्यात ढालकिडे व क्रायसोपा या परभक्षी कीटकांचाही बळी जातो. आंबा-काजूवर पाने शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या काजूवरील ढेकण्यासारख्या किडी मारतात. चीनमध्ये अशा मुंग्यांची घरटी संत्रावर्गीय झाडांसाठी विकत मिळत, अशी नोंद इ.स. 304 च्या सुमारास आढळते. पण याच मुंग्या पिठ्या ढेकणाला राखतात आणि फळे काढणाऱ्याला कडकडून चावतात, त्यामुळे बागायतदारांची त्यांच्याशी मैत्री बेताचीच.

डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ (दापोली, स्थापना 1972) आणि त्याचे भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र ही जिल्ह्यातील या विषयाची मुख्य ठिकाणे. माडाच्या खोडाच्या आत राहणाऱ्या सोंड्या भुंग्यावर मात्र मित्रकीटकांचा फारसा उपयोग होत नाही. त्याच्यासाठी कामगंध सापळेच लावावे लागतात.