निद्राश्वासरोध : संज्ञेचा इतिहास

झोपेत दहा सेकंद वा अधिक काळ श्वसन वारंवार थांबण्याच्या विकारास निद्राश्वासरोध किंवा स्लीप ॲप्निया म्हणतात. ‘ॲप्निया’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ श्वासाचा अभाव असा आहे.

चार्ल्स डिकन्स यांच्या द पिक्‌विक पेपर्स (१८३६–३७) या कादंबरीत बसल्याजागी झोपी जाणारा ज्यो हा लठ्ठ मुलगा आहे. त्यावरून सी. एस. बर्वेल व त्यांचे सहकारी यांनी १९५६ मध्ये ‘पिक्‌विकियन लक्षणसमूह’ ही संज्ञा योजली. लठ्ठपणाने श्वसन अपुरे पडून रक्तात साचणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडामुळे दिवसा गुंगी येते, असे त्यांचे मत होते. १९६५ मध्ये मार्से येथे आंरी गास्तो व इतरांनी झोपेतील श्वसनाच्या नोंदी घेतल्या. छाती हलत असूनही हवा घशाशी अडते व झोप पुनःपुन्हा मोडते, असे त्यांतून आढळले. १९६९ मध्ये जर्मनीत डब्ल्यू. कूलो आदींनी श्वासनलिकेस छिद्र पाडून हा अडथळा टाळला, तेव्हा रुग्णांची दिवसाची गुंगी ओसरली.

सडपातळ व्यक्तींनाही हा विकार होतो; जुन्या नावामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्तियन गिलेमिनो व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘निद्राश्वासरोध लक्षणसमूह’ ही संज्ञा रूढ केली. १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन व इतरांनी नाकावाटे सतत दाबाखाली हवा देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीच ‘सीपॅप’ होय. तीव्रता ठरविण्यासाठी दर तासाचे श्वासरोध व अल्पश्वसनाचे प्रसंग मोजतात. प्रौढांत ३० वा अधिक प्रसंग तीव्र मानले जातात. बर्वेल यांनी वर्णिलेली अवस्था आता ‘लठ्ठपणाजन्य अल्पश्वसन’ या नावाने वेगळी ओळखली जाते.