पेजमेकर काही मरत नाही!

जुन्या व्हर्जनला किती दिवस सपोर्ट द्यायचा, हा वाद आपल्या ऑफिसात नेहमीचाच. मराठी फॉन्ट विकणाऱ्यांनी तो केव्हाच झेललाय. (फॉन्ट म्हणजे दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवरचं ऍड-ऑनच की!)

युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, १९९१ सालीच, देवनागरी होती. विंडोज २००० बरोबर 'मंगल' फॉन्ट आला. मग जुने फॉन्ट बंद का नाही केले? आडवं आलं पेजमेकर. २००१ साली आलेलं ७.० हे त्याचं शेवटचं मोठं व्हर्जन, आणि त्याला युनिकोड देवनागरी कळतच नसे. त्यामुळे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'त युनिकोडसोबत जुन्या कोडिंगचे फॉन्टही राहिले. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले. फॉन्ट काढला की अख्ख्या लग्नपत्रिकेचं अगम्य इंग्रजी!

आता टेमघरमधला एखादा छपाईवाला डोळ्यासमोर आणा. नवा कॉम्प्युटर तो घेईलही, पण वर्षानुवर्षांच्या पत्रिका, बिलबुकं, हँडबिलं जुन्या फाइलींत. ती परत टाइप कोण करणार? माझ्या मते नुसती विंडोजची व्हर्जनं मोजून उपयोग नाही, गिऱ्हाइकाच्या फाइली किती जुन्या आहेत ते बघायला हवं.

इनडिझाइनमध्ये भारतीय भाषांची अधिकृत सोय झाली ती सीएस६ मध्ये, २०१२ साली. विंडोज २००० नंतर तब्बल १२ वर्षांनी!