घड्याळ कोणाच्या हाती?



कामगार चळवळीतला माणूस संगणकावरच्या खेळांचा इतिहास सांगायला उभा राहिला, की श्रोत्यांस हसू येणे साहजिक आहे. परंतु भोंगा, पाळी आणि सुट्टी यांच्या भांडणांत आमचे अर्धे आयुष्य गेले. वेळ कोणाच्या ताब्यात, हा आमचा जुना प्रश्न. तोच एका खेळमालिकेच्या पोटात सापडला, म्हणून हे धाडस.

ती मालिका 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. 1989 साली जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने ती सुरू केली. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने चित्रण केले आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. खेळणाऱ्याला मिळत अवघी 60 मिनिटे. राजपुत्र कितीदाही मेला तरी पुन्हा उभा राही. घड्याळ मात्र थांबत नसे. अकोल्याच्या एका कॉम्प्युटर क्लासात हा खेळ प्रथम पाहिला, तेव्हा आम्हांस वाटले, हा तर कारखान्याचाच कायदा! माणूस पडला तरी पाळी चालूच.

2003 साली युबिसॉफ्ट कंपनीच्या मॉन्ट्रियल शाखेने 'सँड्स ऑफ टाइम' हा खेळ काढला. त्यात राजपुत्राच्या हाती एक खंजीर येतो. पाय घसरला, की खंजिरातली वाळू खर्चून काही क्षण मागे जाता येते. चूक ही शिक्षा न राहता शिकवणी झाली. शिवाय झुंज, मग चढण, मग यंत्रांचे कोडे, मग पाण्यापाशी विसावा, अशी लय बसविली. आपल्या नरनाळ्यावर चढताना एकामागून एक दरवाजे लागतात. प्रत्येकापाशी दम घ्यावा, खाली पाहावे, म्हणजे महाकाली दरवाजाचे नक्षीकाम डोळ्यांत भरते. धापा टाकीत गेलेल्यास नुसती भिंत दिसते.

पुढे ही लय कधी बिघडली, कधी सुधारली. 2004 च्या भागात दहाका नावाचा राक्षस राजपुत्राच्या पाठीस लागला आणि सवड आटली. 2008 च्या भागात एलिका ही सोबतीण दर वेळी हात देऊन वाचवू लागली. कित्येकांस ते फार सोपे वाटले. 2024 च्या 'द लॉस्ट क्राउन'मध्ये जेथे वाट अडते, त्या जागेचे चित्र नकाशावर टाचून ठेवता येते. अंगी नवे सामर्थ्य आले, की तेथे परत यावे. नव्या मुलखाचा शोध म्हणजे केवळ पुढे पळणे नव्हे, हे कळायला मालिकेस पस्तीस वर्षे लागली.

विसाव्याचे हे मोल नारायण मेघाजी लोखंडे यांनी कधीच ओळखले होते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 रोजी, त्यांच्या खटपटीने.

आता मूळ मुद्दा. 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने घडविण्याचे काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई शाखांकडे आले. सप्टेंबर 2020 मध्ये त्याची घोषणा झाली आणि जानेवारी 2021 ही विक्रीची वेळ ठरली. चित्रे जुनाट दिसतात, अशी टीका जगभर झाली. तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली आणि मे 2022 मध्ये काम मॉन्ट्रियलकडे गेले. ज्या खेळात चूक मागे घेता येते, तो घडविणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती मात्र वाळूचा खंजीर नव्हता. घोषणेची तारीख आणि विक्रीची तारीख ही दोन्ही घड्याळे दुसऱ्याच्या भिंतीवर होती.

अमरावती-अकोल्याची मुले आज अशा कामासाठी पुण्यास जातात. त्यांना मजूर म्हटलेले आवडत नाही; त्यांच्या हाती संगणक आहे, साचा नाही. आमचे त्यांना एवढेच सांगणे आहे: खेळणाऱ्याला दम कोठे घेऊ द्यावा, याचा हिशेब तुम्ही बारकाईने करता. तोच हिशेब स्वतःच्या कामाच्या तासांचाही मांडा, आणि तो एकट्याने मांडू नका.