ऑगुस्टबाईंचा नवरा

अल्झायमर हे नाव आता घरोघरी ठाऊक झालं आहे. डॉ. अलॉइस अल्झायमर आणि त्यांच्या रुग्ण ऑगुस्ट डेटर यांच्याविषयीही पुष्कळांनी वाचलं असेल. मला मात्र या इतिहासातला तिसरा माणूस जवळचा वाटतो. तो म्हणजे बाईंचा नवरा कार्ल, फ्रँकफर्टमधला रेल्वेचा कारकून.

१९०१ साली बाई अचानक नवऱ्यावर संशय घेऊ लागल्या. शेजारणीशी त्याचं काहीतरी आहे, असं त्यांनी मनात घेतलं. मग विसरणं आलं, स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू दडवून ठेवणं सुरू झालं. त्या घरभर निरर्थक फिरत, शेजाऱ्यांच्या दारांवरच्या घंटा वाजवत. झोप तर उडालीच होती. शेवटी २५ नोव्हेंबर १९०१ रोजी कार्लनं त्यांना मनोरुग्णालयात दाखल केलं. बाईंचं वय होतं अवघं ५१. आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देतात, त्याच्याही बरंच अलीकडे!

नुसतं विसरतात म्हणून कार्लनं हे केलं नसावं, असं मला वाटतं. विसरणं घरात निभावतं. रात्री निभावत नाहीत.

आमच्या थोरल्या भावाचं विसरणं वहिनींनी चार वर्षं सांभाळलं. माझं नाव, नातवाचं नाव, जेवण झालं की नाही, सगळं त्या न रागावता पुन्हा पुन्हा सांगत. पण तो पहाटे तीनला गॅस चालू ठेवून दाराची कडी काढू लागला; एकदा न्हाणीघरात पडला, तर सत्तरीच्या वहिनींना तो उचलेना. तेव्हा आम्ही संस्था शोधली. नात्यातल्या एकीनं विचारलंच, "टाकलं का हो त्याला?" आपल्या भाषेत 'ठेवणं' आणि 'टाकणं' यांत केवढं अंतर आहे! ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानंही शिक्षा सांगितली आहे ती पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूनं कुठेतरी नेऊन सोडणाऱ्याला. दर रविवारी डबा घेऊन जाणाऱ्या वहिनी त्यात कशा बसतील?

दाखल केल्यावर कार्लची काळजी मिटली नाही. खर्च पेलेना, म्हणून त्यानं बाईंना स्वस्त ठिकाणी हलवायचं ठरवलं. अल्झायमर यांनी त्या तिथेच राहतील असं पाहिलं. ८ एप्रिल १९०६ रोजी बाई तिथेच वारल्या.

त्यांची फाइल फ्रँकफर्टमध्ये १९९५ साली सापडली. नाव लिहायला सांगितलं, तेव्हा बाई 'श्रीमती' एवढंच लिहून थांबल्या होत्या. नवऱ्याचं नाव विचारलं, तर त्यांनी आपलंच सांगितलं, ऑगुस्ट. संस्थेत येऊन तेव्हा त्यांना एकच दिवस झाला होता.