बॅकस्पेस आणि डिलीट

बॅकस्पेस आणि डिलीट : संगणकावर लिहिलेला मजकूर खोडण्याची दोन बटणे. कर्सरच्या आधीचे बॅकस्पेस खोडते, नंतरचे डिलीट. रोमन लिपीपुरती ही व्याख्या पुरते. देवनागरीत मात्र दोन्ही बटणे एकाच मापाने खोडत नाहीत.

टंकलेखन यंत्रावर बॅकस्पेसचे काम गाडा एक घर मागे नेण्याचे होते. उमटलेले अक्षर जागीच राही. डिलीटचे मूळ कागदी फितीत आहे. फितीवर पाडलेले भोक बुजवता येत नाही, पण उरलेली भोके पाडता येतात. म्हणून चुकलेल्या अक्षराच्या जागी सातही भोके पाडत आणि वाचणारे यंत्र ती जागा सोडून देई. 1963 च्या आस्की संकेतावलीत डिलीटला 127 हा अंक मिळाला तो यामुळेच. द्विमान पद्धतीत 127 म्हणजे सात एक. बॅकस्पेसचा अंक 8. पुढे काही टर्मिनलांवर मागचे खोडण्याचे बटण 8 पाठवी, तर काहींवर 127. ईमॅक्स या संपादकात 8 म्हणजे मदतीची हाक, त्यामुळे खोडायला जावे आणि मदतीचे पान उघडावे, असा प्रकार घडे. ॲपलच्या कळफलकावर आजही ‘डिलीट’ लिहिलेले बटण मागचेच खोडते.

युनिकोडमध्ये देवनागरी अक्षर तुकड्यांनी साठवले जाते. ‘क्षि’ हे डोळ्यांना एक अक्षर, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत असतात. वेलांटी दिसते डावीकडे, साठवली जाते मात्र शेवटी. बहुतेक संपादकांत बॅकस्पेस एका वेळी एकच संकेत काढते : क्षि, क्ष, क्, क आणि मग काही नाही. बाणाचे बटण मात्र पुष्कळदा या अक्षरावरून एका उडीत जाते आणि डिलीट सगळे अक्षरच उचलते. युनिकोडच्या अक्षरगटांविषयीच्या नियमावलीलाही ही तफावत मान्य आहे.

मराठीसाठी ती सोयीचीच आहे. आपली नेहमीची चूक ऱ्हस्व-दीर्घाची. ‘कि’ची ‘की’ करायला एकदा बॅकस्पेस दाबून वेलांटी बदलली की झाले. क पुन्हा टंकावा लागत नाही. खुद्द ‘ऱ्हस्व’ या शब्दाची गंमत वेगळी. त्यातला अर्धा र काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडसंकेत मिळून बनवलेला असतो. ह खोडून पुन्हा बॅकस्पेस दाबले, तर र जात नाही. जोडसंकेत जातो आणि पाय मोडलेला ‘र्’ मागे उरतो.

जोडाक्षर एकच गट मानावे की नाही, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. जुन्या नियमाने ‘क्षि’चे ‘क्’ आणि ‘षि’ असे दोन गट पडत. 2023 च्या युनिकोड 15.1 ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी ते एकत्र धरले; पण नियम छापला म्हणून संपादक लगेच बदलतात असे नाही. विम या संपादकात ‘डेलकम्बाइन’ नावाचा पर्याय आहे. तो मुळात बंद असतो, म्हणून बॅकस्पेस मात्रेबरोबर व्यंजनही नेते. विममध्ये मराठी लिहिणाऱ्याने तो चालू करून घ्यावा.