नामदेवांची साक्ष

कंपनी सरकारच्या नोकरींतील जॉन म्यूर यांनीं इ. स. १८३९ मध्यें कलकत्त्यास ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ छापिला. गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें अनुष्टुभ् छंदांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, खरें शास्त्र ओळखण्याचें पहिलें लक्षण म्हणजे शास्त्रप्रवर्तकाच्या अंगचें अद्भुत सामर्थ्य, आणि तें सामर्थ्य ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें त्यांची साक्ष. येशूचीं कृत्यें लिहिणारे त्याचे समकालीन होते, त्यांनीं त्या साक्षीपायीं छळ सोसला, म्हणून ते विश्वासार्ह, हा युक्तिवाद मूळचा पॅले याच्या १७९४ च्या ग्रंथांतला. त्यास सोमनाथ या नांवानें सिहोरचे सुबाजी बापू यांनीं त्याच वर्षीं उत्तर दिलें. पुढें काशींतील नीलकंठ गोऱ्हे यांनीं १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचिला. हेच गोऱ्हे १८४८ मध्यें ख्रिस्ती झाले, ही गोष्ट वाचकांस विदित आहेच. मुंबईस तत्पूर्वीं १८३१ मध्यें डॉ. विल्सन व मोरभट्ट दांडेकर यांचा वाद गाजला होता. त्या वादांतूनहि हाच प्रश्न उभा राहतो, कीं दूरच्या काळच्या लेखकाचा शब्द आम्ही कां मानावा?

या प्रश्नाचें उत्तर आमच्या न्यायशास्त्रांत पाश्चात्त्यांच्या पुष्कळ आधीं दिलेलें आहे. गौतमांनीं आप्ताच्या उपदेशास शब्दप्रमाण म्हटलें. आणि आप्त कोण, हें वात्स्यायनानें भाष्यांत स्पष्ट केलें. ज्यानें वस्तूचें स्वरूप साक्षात् जाणलें आहे, आणि जसें पाहिलें तसेंच सांगावें या इच्छेनें जो बोलतो, तो आप्त. हें लक्षण ऋषि, आर्य व म्लेंच्छ या सर्वांस सारखेंच लागू आहे, असेंहि भाष्यकार म्हणतो. यांत दोन अटी आहेत : पाहणें आणि प्रामाणिकपणें सांगणें. म्यूरसाहेबांच्या पक्षानें दुसऱ्या अटीचा पुष्कळ ऊहापोह केला. पहिल्या अटीकडे मात्र त्यांचें लक्ष कमी गेलें.

बायबलच्या लेखकांस ही कसोटी लावितां काय दिसतें, तें थोडक्यांत सांगतों. लूक आपल्या ग्रंथारंभींच सांगतो कीं, पाहणाऱ्यांनीं जें सोपवून दिलें तें आपण शोध करून लिहीत आहों. म्हणजे तो स्वतः साक्षी नव्हे, संग्राहक आहे. मार्काचा ग्रंथ सर्वांत जुना व तो येशूनंतर सुमारें चाळीस वर्षांनीं लिहिला गेला, असें युरोपांतील बहुतेक पंडितांचें मत आहे. चारहि ग्रंथांत लेखकाचें नांव आंत नाहीं, वर मथळ्यांत आहे. जुन्या करारांतील पहिले पांच ग्रंथ मोशेचे म्हणावेत, तर पांचव्याच्या शेवटीं मोशेच्या मृत्यूची हकीकत येते. बाराव्या शतकांतील यहुदी भाष्यकार इब्न एझ्रा यानेंच या अडचणीकडे सूचक बोट दाखविलें होतें. पोथ्या पाहूं जातां नव्या कराराचे तुकडे दुसऱ्या शतकापासून सांपडतात. मोठ्या चर्मपत्री पोथ्या चौथ्या शतकांतील, म्हणजे घटनेनंतर सुमारें तीनशें वर्षांच्या आहेत. एवढ्यावरून ते लेखक खोटे ठरत नाहींत. त्यांचें म्हणणें कोणत्या वाटेनें आपल्यापर्यंत आलें, एवढेंच यावरून कळतें.

परंतु दुसऱ्याच्या घरचें दप्तर चाळणें सोपें असतें. तीच कसोटी आपल्या घरच्या एका चरित्रकारास लावून पाहावी, असें आम्हांस वाटतें. आणि त्यासाठीं हिंगोलीहून दूर जाण्याचें कारण नाहीं. १९९९ मध्यें परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं नर्सी हें गांव आहे. नामदेवांच्या घराण्याचें मूळ स्थान तें हेंच, असें या प्रांतींची परंपरा सांगते. डॉ. भांडारकरांनीं १९१३ च्या आपल्या ग्रंथांत तें कऱ्हाडाजवळ दाखविलें, आणि जन्म पंढरपुरींच झाला असें म्हणणारा पक्षहि आहे. तो वाद येथें उकरीत नाहीं. नामदेव हे केवळ भक्तकवि नव्हत. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधि’ या प्रकरणांच्या रूपानें ज्ञानदेवांचें चरित्र सांगणारे पहिले चरित्रकार तेच मानिले जातात. ज्ञानदेवांचे ते मार्क आणि लूक आहेत म्हटलें, तरी उपमा फारशी ओढलेली होणार नाहीं. विठ्ठलपंतांचा संन्यास व पुन्हा गृहस्थाश्रम, भावंडांचा बहिष्कार, पैठणची रेड्याची कथा, चांगदेवाची भेट, आळंदीची समाधि, हें सर्व महाराष्ट्रानें मानिलें तें मुख्यतः या अभंगांच्या बळावर. आणि महिपतींनीं शके १६८४ मध्यें ‘भक्तविजय’ रचून त्यास घरोघर नेलें. महिपतींनीं नाभाजी व उद्धवचिद्घन यांचा आपणावरील ऋणभार उघड सांगितला आहे, हा त्यांचा गुण मान्य केलाच पाहिजे.

आतां ज्ञानेश्वरी उघडून पाहावी. शके १२१२, गोदातीर, राजा रामचंद्र, लेखक सच्चिदानंद आणि आदिनाथापासून निवृत्तिनाथांपर्यंतची गुरुपरंपरा एवढें ग्रंथकार स्वतः सांगतात. आईबापांविषयीं, बहिष्काराविषयीं, रेड्याविषयीं वा भिंतीविषयीं त्यांत अवाक्षर नाहीं. नामदेवांचें नांवहि नाहीं. मौन हा अभावाचा पुरावा नव्हे, हें खरें. तथापि चरित्राचा सारा भार नामदेवांच्या साक्षीवरच पडतो, हें त्यावरून सिद्ध होतें.

मग ती साक्ष आमच्या हातीं कशी आली? नामदेवांच्या अभंगांचीं जुनीं बाडें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळूं लागतात. समाधि शके १२१८ ची, म्हणजे इ. स. १२९६ ची. अंतर जवळजवळ तीनशें वर्षांचें पडलें. बायबलच्या मोठ्या पोथ्यांचें तेवढेंच. पंजाबांतील आदिग्रंथ १६०४ मध्यें सिद्ध झाला व त्यांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत. परंतु ज्ञानदेवचरित्राचें हें प्रकरण त्यांत नाहीं. त्यांतच सोळाव्या शतकांत विष्णुदास नामा म्हणून दुसरा मोठा कवि होऊन गेला, ज्यानें महाभारत ओवीबद्ध केलें. दोघांचीहि मुद्रा ‘नामा’. कीर्तनकारांच्या बाडांत दोघांचीं पदें एका सुतांत ओवलीं गेलीं. १८९८-९९ मध्यें ‘सुधारक’ पत्रांत भारद्वाज या सहीनें शिवराम एकनाथ भारदे यांनीं ज्ञानेश्वरीकार व अभंगकार ज्ञानदेव निरनिराळे असल्याचा पक्ष मांडिला, तेव्हां वारकरी समाज क्षुब्ध झाला. तो पक्ष आम्हांस मान्य नाहीं. पण नामदेवांच्या बाबतींत त्याच जातीचा संशय घेण्यास पुष्कळ अधिक कारण आहे, हें नमूद केलें पाहिजे.

भाषेचा पुरावा पुष्कळजण पुढें करितात. ‘समाधि’ प्रकरणांतील भाषा ज्ञानेश्वरीहून एकनाथांस जवळची दिसते, म्हणून तें नामदेवांचें नव्हे, असें ते म्हणतात. हा तर्क अर्धाच खरा आहे. जें गाइलें जातें, तें गाणाऱ्याच्या जिभेवर प्रत्येक पिढींत नवें होतें. खुद्द ज्ञानेश्वरीसारख्या लिखित ग्रंथांत इतके अपपाठ शिरले होते कीं, एकनाथांस शके १५०६ मध्यें ती शोधावी लागली. मग टाळांच्या नादांत वाहत आलेला अभंग जसाच्या तसा राहील कसा? जुन्या रूपांचा अभाव अभंग कशा वाटेनें आला तें दाखवितो. तो कोणाचा, याचा निर्णय त्यावरून होत नाहीं.

कालनिर्देशाची परीक्षा मात्र अधिक फलदायी आहे. नामदेवांच्या मुद्रेचा एक प्रसिद्ध अभंग त्यांचा जन्म शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशी, रविवार असा देतो, आणि छापील गाथांत संवत्सराचें नांव ‘प्रभव’ येतें. गणित केलें असतां ही तिथि इ. स. १२७० च्या ऑक्टोबरच्या २६ तारखेस येते व तो रविवारच होता. वार जुळला. परंतु शके ११९२ चें संवत्सर दक्षिणेच्या गणनेनें ‘प्रमोद’ आहे, प्रभव नव्हे. प्रभव तीन वर्षें आधीं, शके ११८९ ला, होऊन गेला. उत्तरेची बार्हस्पत्य गणना घेतली तर अंतर आणखीच वाढतें. आमची गणना बरोबर आहे कीं नाहीं, हें पाहणें सोपें आहे : एकनाथांनीं शोधित प्रतीच्या शेवटीं शके १५०६ बरोबर तारण संवत्सर दिलें आहे, आणि याच रीतीनें १५०६ ला तारणच येतो. परंपरेनें सांगितलेली ज्ञानदेवांची समाधीची तिथि, शके १२१८ दुर्मुख संवत्सर, कार्तिक वद्य त्रयोदशी, गुरुवार, हीहि सर्व अंगांनीं जुळते. तो दिवस २५ ऑक्टोबर १२९६.

यावरून आम्ही काय घ्यावें? तिथि व वार जुळणें हा सातांत एक असा योगायोग असूं शकतो, किंवा मागाहून एखाद्या ज्योतिषानें गणित मांडिलेलेंहि असूं शकतें. पण ज्योतिषी संवत्सर चुकणार नाहीं. म्हणून आमच्या मतें जन्मतिथीची आठवण खरी जुनी असावी आणि ‘प्रमोद’चा ‘प्रभव’ गाणाऱ्याच्या किंवा लेखकाच्या हातून झाला असावा. दोन्ही नांवें ‘प्र’नेंच आरंभ होतात. ज्ञानदेवांच्या जन्मशकाबद्दल मात्र दोन परंपरा सरळ भांडतात. जनाबाईंच्या नांवावरील अभंग चौघां भावंडांस ११९०, ११९३, ११९६, ११९९ हे शक देतो. दुसरी परंपरा ११९५, ११९७, ११९९, १२०१ हे देते. दोहोंतील आंकडे इतके समान पावलांनीं चालतात कीं, जन्मपत्रिकांपेक्षां ते मोजणीच्या सोयीनें आले असावेत असा संशय येतो. चार शुभवर्तमानांतील वंशावळी व दिवस यांचे विरोध ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हें नवें वाटणार नाहीं.

आतां औंढ्याकडे वळूं. नागनाथाच्या या देवालयाशीं नामदेवांच्या तीन कथा निगडित आहेत. पहिली, विसोबा खेचरांनीं येथें पिंडीवर पाय ठेवून त्यांस उपदेश केल्याची. दुसरी, कीर्तनास अडविलें असतां देऊळ फिरल्याची. तिसरी, नामदेव पूर्वीं वाटमारे होते, त्यांनीं ८४ स्वार मारिले, आणि येथें एका अनाथ बाईचा विलाप ऐकून त्यांस पश्चात्ताप झाला, ही. देऊळ फिरल्याची गोष्ट आदिग्रंथांतील नामदेवांच्या पदांत आहे, म्हणजे १६०४ पूर्वीं ती पंजाबापर्यंत पोहोंचली होती. पण तेथें औंढ्याचें नांव नाहीं. स्थळ मराठी परंपरेनें जोडिलें. औंढ्यास देवळामागील नंदी दाखवून लोक आजहि ती गोष्ट सिद्ध करितात; त्यावर आम्ही कांहीं बोलत नाहीं, कारण नंदी साक्ष देत नसतो.

वाटमारीची कथा अधिक विचार करण्याजोगी आहे. युरोपांतील टीकाकार असा नियम धरितात कीं, आपल्या नायकास कमीपणा आणणारी गोष्ट भक्त सहसा रचीत नाहीं; पीटरनें येशूस तीन वेळां नाकारिलें, ही हकीकत ते याच कारणानें खरी मानितात. हा नियम सरसकट लावूं गेल्यास नामदेव दरोडेखोर ठरतील. पण आमच्या संतवाङ्मयांत वाल्याचा वाल्मीकि होण्याची कथा आधींच प्रतिष्ठित आहे. पाप जितकें मोठें तितका नामाचा महिमा मोठा. तेव्हां ही कथा कमीपणाची नसून गौरवाचीच आहे, आणि बाळपणापासून विठ्ठलाशीं खेळणाऱ्या नामदेवांच्या इतर अभंगांशीं ती मुळींच जमत नाहीं. ती आम्ही त्याज्य मानितों. याउलट गोरोबांनीं थापटणें घेऊन संतांचीं डोकीं तपासलीं व नामदेव कच्चें मडकें ठरले, ही कथा नामदेवांच्या संप्रदायानेंच जपिली. मडक्याचा प्रसंग जसाच्या तसा घडला असें कोण म्हणेल? परंतु गुरूवांचून नामदेव त्या मंडळींत अपुरे मानिले गेले व नंतर त्यांनीं विसोबांकडे धांव घेतली, एवढा गाभा विश्वासार्ह वाटतो. ‘तीर्थावळीं’त मात्र वाळवंटांतील विहिरीपाशीं ज्ञानदेवांच्या योगावर नामदेवांची भक्ति सरस ठरते, तेथें लेखकाचा पक्ष स्पष्ट दिसतो, आणि तेथें सावध असावें.

साक्ष गोळा करण्याची दुसरी रीत त्याच शतकांत याच महाराष्ट्रांत होती, हें येथें सांगणें प्राप्त आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनीं ज्याला जी लीळा ठाऊक त्याच्याकडे जाऊन ती ऐकिली, ऋद्धिपुरास नागदेवाचार्यांपुढें ती तपासली आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. पुढें मुसलमानी स्वारींत मूळ पोथी नष्ट झाल्यावर शिष्यांनीं स्मरणानें ती पुन्हा बांधली. आणि जेथें आठवणी जुळल्या नाहींत तेथें हिराइसा, रामेश्वरबास, परशरामबास अशा नांवांनीं पाठ वेगळे ठेविले. लीळांची सांकेतिक लिपि विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे यांनीं उलगडली. नेने व पुढें १९७८ मध्यें कोलते यांच्या आवृत्तींनीं ग्रंथ सर्वांपुढें आला. वात्स्यायनाच्या लक्षणांत बसणारा चरित्रकार शोधावयाचा असेल, तर म्हाइंभट हाच तो. त्यांतहि चमत्कार आहेत. पण चमत्कार कोणीं सांगितला, हें आपणांस ठाऊक आहे. लूकनें आपल्या साक्ष्यांचीं नांवें दिलीं असतीं, तर पुष्कळ वाद मिटले असते.

पैठणचें तथाकथित शुद्धिपत्र, ज्यावर शके १२०९ व बोपदेवाचें नांव आहे, तें अनेक अभ्यासकांनीं बनावट मानिलें आहे; कारण चरित्राला कागदाचा आधार हवा असें ज्या काळीं वाटूं लागलें, त्या काळचें तें दिसतें. अशा कागदांनीं नामदेवांच्या साक्षीचें बळ वाढत नाहीं, उलट घटतें.

आमचा निर्णय असा आहे. ज्ञानदेव व नामदेव समकालीन होते, बहिष्काराची पीडा त्या भावंडांस होती, समाधीची तिथि खरी आहे, एवढें नामदेवांच्या नांवावरील अभंगांवरून आम्ही स्वीकारतों. रेडा व भिंत हीं भक्तांचीं आहेत. इतिहासानें त्यांजपुढें हात जोडावेत आणि पुढें जावें. मधल्या शेंदोनशें अभंगांचा निर्णय आज करितां येत नाहीं, आणि तो गाथेच्या छापील आवृत्ति, १९७० ची सरकारी प्रत धरून, समोर ठेवून कधींहि होणार नाहीं. तो बाडांवरूनच व्हावयाचा.

म्हणून कळमनुरी, सेनगांव, वसमत, औंढा या बाजूंस ज्यांच्या घरीं वारकरी घराण्यांचीं बाडें आहेत, त्यांस आमची विनंती आहे. अभंगांची नक्कल करण्याआधीं प्रत्येक बाडाचें शेवटचें पान, लेखकाचें नांव, शक व संवत्सर जसेंच्या तसें उतरून घ्यावें. ‘नामा’ आणि ‘विष्णुदास नामा’ या मुद्रा कोणत्या पानावर कशा येतात, याची यादी करावी. आणि जन्माच्या अभंगांत ‘प्रभव’ आहे कीं ‘प्रमोद’, हें आम्हांस अवश्य कळवावें.